साडूंचा नोक्लेम

विम्याच्या कागदाला खंडेनवमीच्या दिवशी हळदकुंकू वाहणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो माझा थोरला साडू आहे. इंदापूर रस्त्याला त्यांची वस्ती आहे; थोडा ऊस, थोडं डाळिंब. नवमीला कोयते, टिकाव, फवारणीचा पंप असं सगळं अंगणात मांडतात, ट्रॅक्टरला झेंडूची माळ पडते आणि या सगळ्याच्या मधोमध, पाटावर, त्यांच्या पांढऱ्या गाडीची पॉलिसी विराजमान असते. एका वर्षी नारळ फोडताना पाणी उडालं आणि पॉलिसीवरची शाई पसरली. तेव्हापासून ती प्लास्टिकच्या पिशवीत बसून पूजा घेते. माझी बायको एकदा म्हणाली, "दाजी, गाडीची पूजा करतात, कागदाची कोण करतं?" साडू गंभीरपणे म्हणाले, "गाडी काय, पैसं टाकलं की कुणाला बी मिळती. ह्यो कागुद कमवावा लागतो."

त्यांनी कमावलेली चीज म्हणजे नो क्लेम बोनस. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षभर विमा कंपनीकडे भरपाई मागितली नाही, की पुढल्या वर्षीच्या हप्त्यात मालकाला थोडी सूट मिळते. दरवर्षी ती वाढत जाते आणि निम्म्यावर येऊन थांबते. एकदा भरपाई मागितली की सगळं शून्य. तुमच्याआमच्या लेखी ही कागदाच्या कोपऱ्यातली एक ओळ. साडूंच्या लेखी ती घराण्याची अब्रू. ते त्याला 'नोक्लेम' असा एकच शब्द म्हणतात आणि म्हणताना किंचित ताठ बसतात. पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांनी शिक्षण सांगितलं, जमीन सांगितली, दारात चारचाकी आहे हेही सांगितलं. साडूंनी चहाचा कप खाली ठेवला. "चारचाकी हाय म्हणता. पोराचा नोक्लेम किती?" मुलाच्या वडिलांना हा प्रश्न आयुष्यात प्रथमच येत होता. त्यांनी मुलाकडं पाहिलं, मुलानं मान खाली घातली. लग्न झालं, संसार उत्तम चाललाय, पण साडू त्या जावयाच्या गाडीत अजून बसलेले नाहीत.

बाभळीची फांदी मोडून गाडीच्या टपावर पडली तेव्हा विम्याचा एजंट स्वतः म्हणाला, की आबा, हे तर निसर्गानं केलं, भरपाई मागा. साडूंनी टपाला आतून गोधडी लावली, बाहेरून लाकडी मोगरीनं ठोकलं, आणि तो टप आजही उन्हात बघितला तर शेततळ्यावर वारा सुटल्यासारखा दिसतो. "एका फांदीसाटी मी निम्मी माफी घालवू व्हय?" गाळपाच्या दिवसांत बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाचे दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर रांगेनं चालतात. साडू त्यांना ओलांडून पुढं जात नाहीत, मागून चालतात. ट्रॅक्टरवाल्याचं गाव, पाव्हणेरावळे, उसाचा फड कुठला, तोडणीची टोळी कुठली, हे सगळं त्यांना वाटेत विचारून झालेलं असतं. माझ्या चुलतभावाच्या लग्नाला ते असेच एका ट्रॅक्टरमागून आले आणि पोचले तेव्हा मंडपात शेवटची पंगत उठत होती. आक्का, म्हणजे माझी मेहुणी, रागानं लाल झालेली. साडू शांतपणे म्हणाले, "त्यांचं लगीन लागलं, आपलं काय घासलं न्हाय. दोन्ही घरी आनंद हाय."

घरातल्या कुणाला नवं लायसन मिळालं, की त्याची खरी परीक्षा साडू घेत. "लायसन सरकार देतं, किल्ली मी देतो," हे त्यांचं वचन. परीक्षा अशी, की ते काठोकाठ ताकानं भरलेला तांब्या मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसणार, आणि उमेदवारानं कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन मागं यायचं. ताक सांडलं तर नापास. मी दोनदा नापास झालो होतो. माझं बारामतीत ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, स्वतःची गाडीही मी चालवतो, पण साडूंच्या विजारीवर दोनदा ताक सांडणारा म्हणून त्या गाडीच्या किल्लीला हात लावायची मला मनाई होती. त्यांची मुलगी ऋतुजा मात्र लायसन मिळालं त्याच आठवड्यात पास झाली. साडूंनी उतरल्यावर तो तांब्या तसाच भरलेला आक्काच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्याची कढी कर." त्या पोरीच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं ते मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी कमी बोलतो. लोक त्याला माझा स्वभाव म्हणतात, काही तर गुणही म्हणतात. म्हणून आता सरळ लिहितो.

तांब्याच्या परीक्षेनंतर आठवड्याभरानं आम्ही सगळे वस्तीवर हुरड्याला जमलो होतो. मंडळी रानात होती, मला दुकानाच्या कामासाठी लवकर निघायचं होतं आणि माझ्या गाडीमागं साडूंची पांढरी गाडी उभी होती. किल्ली खुंटीला होती. कुणाला हाक मारायला रानात जायचं तर पाच मिनिटं लागली असती. मी ती पाच मिनिटं वाचवली. गाडी मागं घेतली, आरशात बघितलं नाही, आणि मागचं दार ठिबकच्या फिल्टरच्या लोखंडी पाइपाला लागलं. तो फिल्टर माझ्याच दुकानातला, जागाही मीच सुचवलेली. दारावर वीतभर पोचा आला, रंग निघाला. आजूबाजूला एक म्हैस सोडली तर कुणी नव्हतं. मी माझी गाडी बाहेर काढली, त्यांची होती तिथं नीट लावली, किल्ली खुंटीला अडकवली आणि रानात जाऊन दोन कणसं खाऊन सर्वांचा निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा गाडी घेऊन बारामतीला गेली. दुपारी साडूंचा फोन आला.

"पावणं, पोरीनं गाडी घासली."

मी म्हणालो, "जास्त लागलं का?"

एवढंच. त्या क्षणी खरं सांगणं अगदी सोपं होतं. संध्याकाळी थोडं अवघड झालं, आठवड्यानं आणखी, आणि पुढं चार वर्षं ते मी छातीवर घेऊन झोपलो.

ऋतुजानं "मी नाही घासली" असं सांगून पाहिलं. साडू चिडले नाहीत, तेच वाईट झालं. ते समजुतीनं म्हणाले, "नव्या डायवरला कळत न्हाय गं, कुटं लागलं ते." किल्ली खुंटीवरून त्यांच्या खिशात गेली. भरपाई त्यांनी मागितली नाहीच, दारही तसंच ठेवलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिले. पोर अभ्यासाला हुशार हाय, पण गाडीला न्हाय, असं ते कौतुकाच्याच सुरात सांगायचे. पोर तिथंच उभी असायची.

ती जनावरांची डॉक्टर झाली. एका डेअरीनं तिला बारामती आणि इंदापूरच्या गोठ्यांवर फिरण्यासाठी घ्यायचं ठरवलं. अट एकच, घरची भरवशाची चारचाकी हवी, कारण लशी थंड पेटीत न्यायच्या आणि गाडी वाटेत बंद पडून चालायचं नाही. पांढरी गाडी तोवर चढाला खोकायला लागली होती. महिनाअखेर गाडी दारात असली तर पहिल्या तारखेला रुजू, नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार. ऋतुजानं शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून आणि कर्जातून छोटी नवी गाडी ठरवली. त्या रविवारी एजंट विम्याचा आकडा घेऊन वस्तीवर आला. मीही होतो. तिनं आकडा वाचला, कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"एवढा? बाबा तर याच्या निम्म्यात भरतात."

"ताई, त्यांना सूट आहे," एजंट म्हणाला. "तुम्ही नव्या. तुमच्या नावावर आजवर गाडीच नाही, म्हणजे तुम्ही चांगल्या चालवता का वाईट, कंपनीला काय ठाऊक? नव्या माणसाला पूर्ण भरावा लागतो."

"म्हणजे काहीच चूक केली नाही तरी?"

"चूक केली नाही, हे दिसायला आधी काही वर्षं जावी लागतात."

ऋतुजा हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. साठवलेले पैसे गाडीलाच संपत होते. एजंटनं घसा साफ केला. "एक वाट आहे. सूट गाडीची नसते, मालकाची असते. आबांनी जुनी गाडी विकली आणि नवी त्यांच्या नावावर घेतली, तर त्यांचा नोक्लेम नव्या गाडीला लागतो. चालवू दे ना ताईंना. हप्ता बसतोय त्यांच्या पैशांत."

सगळ्यांनी साडूंकडं पाहिलं. ते गाडीच्या दाराकडं बघत होते, त्या पोचा आलेल्या दाराकडं.

"गाडी इकतो," ते म्हणाले. "तिच्यासाटी गाडी काय, रान बी इकीन. पर माझ्या नोक्लेमवर तिला बसवू? दुसऱ्याच आठवड्यात दार घासलं तिनं. उद्या कुणाच्या गोट्यात गाय मारली म्हंजी?"

ऋतुजानं कागदाची घडी घातली. आता ती वाद घालत नव्हती, आणि तिच्या वयाच्या मुलीनं वाद न घालणं काय असतं ते मला तेव्हा समोर दिसलं. वरचे पैसे मी भरतो असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पैसे देणं सोपं होतं. साडू मला छातीशी धरून काका असावा तर असा म्हणाले असते.

"दादा," मी म्हणालो, "ते दार मी घासलं."

म्हैस रवंथ करायची थांबली असं मी लिहिलं तर तुम्हाला खोटं वाटेल, म्हणून लिहीत नाही. साडूंनी माझ्याकडं विमा कंपनीच्या माणसासारखं पाहिलं.

"कशाला लागलं?"

"फिल्टरच्या पाइपाला. हुरड्याच्या दिवशी."

"मागं घेताना?"

"व्हय."

"आरशात बघितलं व्हतं?"

"न्हाय."

ते उठले. आतून टेप आणली, पाइपाची उंची मोजली, पोच्याची उंची मोजली, परत पाइपाची मोजली. एजंटला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. मग टेप खाली टाकली आणि रानाच्या दिशेनं अशी हाळी दिली की कालव्यापलीकडच्या वस्तीवरची माणसं बाहेर आली.

"अगं एऽ, आपली पोर कोरी हाय!"

आक्का स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. "वरडू नका, हितंच हाय मी."

"चार वर्सं, अगं. एक वरखडा न्हाय पोरीच्या नावावर."

"किल्ली खिशात घालून हिंडलात चार वर्सं. ती घासणार कशानं?" मग आक्का माझ्याकडं वळली. "आन् तुमी, भावजी. दरसाल हुरडा खाऊन गेलात."

साडू मात्र मला एका शब्दानं टाकून बोलले नाहीत. त्यांना वेळच नव्हता. त्यांनी खिशातून किल्ली काढली, दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी ऋतुजाला दिली, आणि एजंटला म्हणाले, "लिवा माझं नाव. चालवणार ही. माझा सगळा नोक्लेम तिच्या हातात." पांढरी गाडी त्यांनी त्याच आठवड्यात विकली. घेणाऱ्यानं पोच्याचे पैसे कमी करायला सांगितले तेव्हा ते पोच्याची सगळी हकिकत त्याला ऐकवून, माझं नाव, दुकानाचा पत्ता सांगून, आनंदानं कमी करून आले. पुढं मार्केट यार्डात, सोमेश्वरनगरला, जिथं जातील तिथं ते हेच सांगू लागले. एकदा भर गर्दीत माझ्या दुकानात आले आणि गिऱ्हाइकांना म्हणाले, "फिल्टर ह्यांच्याकडनंच घ्या. सोता ह्यांनी गाडी घालून बगितली, फिल्टरला काय झालं न्हाय." त्या दिवशी तीन फिल्टर खपले.

महिनाअखेरीला दोन दिवस राहिले असताना नवी गाडी आली आणि आम्ही ती घेऊन नरसिंहपूरला देवदर्शनाला गेलो. ऋतुजा चालवत होती, साडू शेजारी, मी आणि आक्का मागं. उसाचा एक ट्रॅक्टर लागला. ऋतुजानं समोरचा रस्ता मोकळा बघितला, हॉर्न दिला आणि सरळ ओलांडून पुढं गेली. साडूंनी डोळे मिटून घेतले, उघडले तेव्हा ट्रॅक्टर मागं पडला होता आणि ते खिडकीतून डोकं काढून ट्रॅक्टरवाल्याला सांगत होते, "पोरगी हाय माझी."

दर्शन झालं. साडू आणि आक्का नदीच्या संगमाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेले. गाडीजवळ मी आणि ऋतुजाच उरलो. मी चार वर्षं मनात घोळवलेलं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात तीच बोलली.

"काका, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. कारण शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, की मीच घासली असेल. मला आठवायचंसुद्धा, कुठल्या वळणावर ते."

ती हे रागानं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला काही करता आलं असतं.

साडूंनी खालून हाक दिली, उन्हं उतरायच्या आत निघू म्हणून. दोघं वर येऊन गाडीत बसले. गाडी दोन जीपगाड्यांच्या मधून मागं काढायची होती. मी न सांगता उतरून मागं उभा राहिलो आणि हात वर केला, येऊ दे, येऊ दे. ऋतुजानं आधी डावा आरसा बघितला, मग उजवा, मग मधला. त्या मधल्या आरशात मला तिचे डोळे दिसत होते. मागचा सगळा रस्ता ते नीट बघत होते, आणि माझ्या हाताची तिला काही गरज नव्हती. तरी गाडी पूर्ण बाहेर निघेपर्यंत मी तो खाली घेतला नाही.