सतरा नंबरची मेंढी

सोलापूरजवळच्या मेंढी फार्मवर मी कारकून होतो तेव्हा तिथं एक निरीक्षक होता. माळशिरसकडचा. दर दहा मिनिटांनी प्रत्येक मेंढी काय करते ते त्यानं आकड्यात लिहायचं: चरत असली तर एक, बसली असली तर दोन, उभी असली तर तीन. ते आकडे मी चौकटींच्या कागदावर उतरवायचो आणि ते पुण्याला कॉम्प्युटरकडे जायचे. ऑफिसचं घड्याळ तो मनगटाला बांधत नसे, रुमालात गुंडाळून खिशात ठेवी. आकडा लिहिण्याआधी मेंढीकडे दोनदा बघे.

एकदा सतरा नंबरपुढे सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते तीन आले. झाडाखाली बसून भरलेत, असं मला वाटलं आणि मी तसं बोललोही.

तो चिडला नाही. “उभीच हुती की, भाऊसायेब. सकाळी कोकरू मेलं तिचं. पुरलं तितनं ती हालली न्हाय.” मग म्हणाला, “दुसरा आकडा हाय का त्याला?”

मी यादी पाहिली. नव्हता.

महिन्याभरानं पुण्याहून छापील कागदांची चळत आली. फार्मच्या साहेबांनी सतराच्या त्या दिवसाच्या आकड्यांभोवती लाल गोल केला. “हे खोटं भरलंय. काढून टाका.”

मला खरं माहीत होतं. तरी मी तो दिवस काढला.

संध्याकाळी तो नेहमीसारखा कागद द्यायला आला. मी मान वर न करता घेतला.