कासऱ्याची सवय

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी खामगावला कॉलेजात होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या कॉलेजात एक खूळ शिरलं होतं, विमानाचं. खरं नव्हे हो! हातभर लांबीचं, हलक्या लाकडाचं, वर कागद चिकटवलेलं. नाकाशी मुठीत मावेल एवढं इंजिन. ते फिजिक्सच्या सरांनी मुंबईहून आणलं होतं आणि पहिल्याच दिवशी आम्हाला दम भरला होता, "इंजिन एकच आहे. हे मोडलं की आपलं विमानांचं मंडळ बंद. दुसरं मिळणार नाही." सर पुण्याचे. दम भरतानासुद्धा शुद्ध बोलायचे.

हे विमान दोन बारीक तारांना बांधलेलं असायचं. तारांची दुसरी टोकं आपल्या मुठीतल्या दांडीला, एक वरच्या बाजूला, एक खालच्या. मूठ मागे ओढली की विमान वर चढायचं, पुढे झुकवली की खाली यायचं. आपण मैदानाच्या मधोमध उभं राहून स्वतःभोवती फिरायचं आणि ते तारांच्या टोकाला आपल्याभोवती घोंघावायचं. इंजिनाच्या तेलात एरंडेल असे. ते उडून सदऱ्यावर यायचं आणि कितीही धुतलं तरी वास जायचा नाही. खानावळवाल्या बाईनं मला पंगतीतून उठवून दाराशी बसवलं होतं. मीही रागानं दोन पोळ्या जास्त खायचो.

या विमानांच्या स्पर्धा व्हायच्या, त्यांत तीन वर्ग असत. पहिल्या वर्गात विमान उडवायचं, सरळ फिरवायचं, उतरवायचं. घाण्याचा बैल, दुसरं काही नाही. तो मी हसत पार केला. दुसऱ्या वर्गात विमान डोक्यावरून पलीकडे न्यायचं, गोल कोलांट्या मारायच्या. तिथे भीती वाटायची, पण हाताला नवीन काही शिकावं लागत नव्हतं. घाबरलास तर ओढ, ओढलंस की विमान वर, वर म्हणजे जीव वाचला. तोही झाला. मला वाटलं, तिसरा म्हणजे दुसऱ्याच्याच जरा पुढे असेल.

कसलं काय! तिसऱ्या वर्गात विमान उलटं उडवायचं होतं. पोट आभाळाकडे, पाठ जमिनीकडे. आणि ते उलटं झालं की तारांचा सगळा हिशेबच उलटा. मूठ ओढली की ते वर जायच्या ऐवजी जमिनीत घुसणार. म्हणजे पहिल्या दोन वर्गांत जे हाडामाशी खिळवलं, ते तिसऱ्यात उपटून फेकायचं.

आता माझी अडचण ऐका. दुसरबीडजवळच्या आमच्या गावात पोराला पाटी मिळायच्या आधी कासरा मिळतो. बैल बुजला की ओढ! डोक्याला कळायच्या आत हातानं ओढलेलं असतं. माझा हात तसाच घडलेला. भीती वाटली की मूठ मागे. तिसऱ्या वर्गात याचा अर्थ एकच होता. इंजिन मातीत, मंडळ बंद आणि सगळ्या पोरांच्या शिव्या माझ्या नावानं.

सरांनी इंजिनाला हातच लावू दिला नाही. माझ्या खोलीवरचा जोडीदार बांबूच्या टोकाला पुठ्ठ्याचं उलटं विमान बांधून माझ्याभोवती फिरायचा. मधेच बांबू एकदम खाली करायचा. मी मूठ पुढे झुकवायची, पण मी ओढायचो.

"मेला बे! इंजिन गेलं! मंडळ गेलं! आता काय उडवतं, कावळे?"

एक दिवस डोकंच फिरलं. दांडी त्याच्या अंगावर फेकली. "मंग तूच उडव ना लेका! मले काऊन सांगून राह्यला?"

बाजूलाच उभ्या असलेल्या सरांनी दांडी उचलून माझ्या हातात परत दिली. "पुन्हा करा," एवढंच म्हणाले. मला असा संताप आला होता त्या शांतपणाचा!

दिवाळीला घरी गेलो तर अंगणातही माझं तेच चालू. रिकामी मूठ घेऊन गरागरा फिरायचं, दचकायचं, मूठ पुढे. बाबा बाजेवर बसून बघत होते.

"काय करून राह्यला बे?"

मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे बैल बुजला का कासरा ढिला सोडाचा?"

"बैल नाही बाबा, विमान."

"हात तं एकच हाय ना पण? बिघडवून येशीन लेका हात."

मी हसलो. मला काय माहीत!

स्पर्धा अकोल्याला होती. मैदानाच्या मध्यभागी जाऊन दांडी मुठीत धरली. विमान सुटलं, चढलं आणि मी ते उलटं केलं. एक फेरा नीट गेला. दुसऱ्या फेऱ्यात वाऱ्याचा झपका आला आणि ते खालीच बसलं, गवताला टेकतं की काय असं. पण मूठ पुढे गेली होती! मी नेली नाही, तीच गेली. विमान उठलं, उलटंच, आणि सरळ निघालं. मग मी आडवा आठ काढला, विमान सुलटं केलं, तेल संपलं, इंजिन बंद पडलं आणि ते अलगद गवतावर उतरलं. पंख्याचं लाकूडसुद्धा शाबूत.

मी तिथेच फतकल मारली. मैदान फिरत होतं, मी रडत होतो आणि मला कशाचीही लाज वाटत नव्हती. सुटलो बाप्पा, सुटलो! सरांनी धावत येऊन आधी इंजिन चाचपलं, बोट भाजून घेतलं आणि ओरडले, "जमलं बे!" पुण्याच्या माणसाच्या तोंडी ते 'बे' ऐकून आमची पोरं हसून लोळली. नंबर काही आला नाही. पण तिसरा वर्ग पास असं जाहीर झालं आणि मंडळ वाचलं.

दोन-चार दिवसांनी एस.टी.नं गावी निघालो. बाबा फाट्यावर दमणी, आमची हलकी बैलगाडी, घेऊन आले होते. स्पर्धेचं एका शब्दानं विचारलं नाही. मीही फुगून बसलो. अर्ध्या वाटेवर त्यांना तंबाखू मळायची होती, म्हणून त्यांनी कासरा माझ्याकडे दिला. तेवढ्यात मागून ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. बैल बुजले.

आणि माझी मूठ पुढे गेली.

कासरा ढिला पडताच बैल उधळले. शेताच्या बांधाचा धुरा ओलांडून दमणी शेजारच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या उभ्या पिकात, शिरली आणि कलंडली. मी एकीकडे, बाबा दुसरीकडे, तंबाखू सगळ्या वावरात. बैल पुढे जाऊन उभे राहिले, जणू त्यांचा संबंधच नाही. बाबा उठले, आधी बैलांचे पाय चाचपले, मग माझे. कोणाला खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. मी जीव मुठीत धरून बसलेलो, आता कानाखाली बसणार म्हणून.

बाबांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मूठ अजून तशीच पुढे झुकलेली होती. त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"अबे," ते म्हणाले, "म्हणजे पास झाला तं तू!"