चढणीवर सुटलेला घोडा

पौषातल्या सकाळी धानाच्या तणसाला एक वास असतो. रात्रभर दवात निथळलेलं ते तणस कोवळ्या उन्हाचा हात लागताच हलकंच उबदार होतं, आणि मग त्यातून ओला, गोडसर, जरासा धुरकट असा गंध सुटतो, जो आमच्या भागातल्या माणसाला डोळे मिटूनही सांगतो की धानाची शेतं, आमच्या बांध्या, मोकळ्या झाल्या, पेंढ्यांची पुंजणी रचून झाली, आता चार दिवस निवांत. त्या वासातच आम्ही नऊ जण पवनीच्या जुन्या परकोटाच्या दरवाजाशी उभे होतो. वैनगंगेवरून धुकं उठून तटाच्या दगडांवर रेंगाळत होतं, नदीपलीकडून कुठूनतरी पाणकोंबड्यांची कुरबुर ऐकू येत होती, आणि अशा त्या प्राचीन, गंभीर प्रभाती मी माझ्या नव्या विजारीचे खिसे मोजत होतो. अकरा निघाले. नागपूरहून मुद्दाम आणलेली ती विजार जंगलात चालणाऱ्यांसाठीच खास शिवलेली आहे, असं दुकानदाराने सांगितलं होतं. चालायचं मात्र मलाच होतं, हे त्याने सांगितलं नव्हतं.

माझा व्यवसाय बसण्याचा. पवनीत बियाण्यांचं दुकान, त्यात लाकडी खुर्ची, आणि त्या खुर्चीत गेली सत्तावीस वर्षं मी. आसगावच्या शेतीला लागून असलेलं बालपण, तेव्हाचं चालणं, तेव्हाचे पाय हे सगळं आता माझ्या सांगण्यातच उरलं आहे. सांगण्यात मात्र मी तयार गडी. आमच्या घराण्यात बारसं असो की तेरवी, जेवणं उरकली की मंडळी मला मध्ये बसवतात आणि सवारबुवांची गोष्ट सांगायला लावतात. सवारबुवा म्हणजे माझ्या खापरपणजोबांचेही आजोबा. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही, पण नागपूरकरांच्या फौजा पूर्वेकडे स्वारीला निघत तेव्हा ते पांढऱ्या घोड्यावर, हाती नंगी तलवार घेऊन, सर्वांच्या पुढे असत, एवढं मात्र नक्की ठाऊक. नक्की म्हणजे, मीच सांगतो म्हणून नक्की.

तेव्हा पवनीहून निघून झाडीतल्या त्याच जुन्या फौजेच्या वाटेने अड्याळपर्यंत, तीन दिवसांची, वाटाड्यासह पदयात्रा निघणार असल्याचा कागद दुकानाशेजारच्या भिंतीवर लागला, तो माझी पत्नी मंदा हिने वाचला आणि शांतपणे म्हणाली, "सवारबुवाच्या वाटेनं एकडाव चालून तं पाहा." यावर नाही म्हणण्यासाठी जे धैर्य लागतं ते माझ्या पूर्वजांकडे असेलही, माझ्याकडे नव्हतं.

आमची वाटाडी होती देवकाबाई. चाळिशीची, काटक, गुडघ्याच्या जरा खाली नेसलेलं हिरवं लुगडं आणि पायांत रबरी चपला. जंगलाच्या कडेचं तिचं गाव, आणि तेंदूपानं, मोह, डिंक यांच्यामागे लहानपणापासून तुडवलेली ही सारी वाट. तिने आमच्या नऊ जोडी बुटांकडे एकवार पाहिलं आणि चालू लागली. नदी मागे राहिली, मग लाखोरीच्या निळ्या फुलांनी भरलेल्या बांध्या मागे राहिल्या, आणि ज्या क्षणी सागाच्या वाळक्या पानांचा पहिला करकर आवाज पायाखाली आला, त्या क्षणी हवेचा पोत बदलला. ऊन तसंच होतं, पण ते आता चाळणीतून पडल्यासारखं, नाण्यानाण्यांनी खाली येत होतं. येनाच्या झाडांच्या मगरीसारख्या सालीवरून ते घरंगळत होतं, बांबूच्या बेटात शिरून हिरवं होत होतं. इतक्या सुंदर गोष्टीसाठी मी चोपन्न वर्षं थांबलो कशाला, असा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर अर्ध्या तासाने माझ्या पिंढऱ्यांनी दिलं.

तासाभराने एक मोठा मोह लागला. त्याच्या खालच्या फांद्यांना असंख्य चिंध्या बांधलेल्या होत्या. काही ताज्या, लाल-पिवळ्या, काही उन्हापावसाने इतक्या विरलेल्या की झाडालाच करडी पालवी फुटली आहे असं वाटावं. हा चिंध्यादेव, असं देवकाबाईने सांगितलं. झाडीत शिरणाऱ्याने अंगावरच्या वस्त्राची एक चिंधी फाडून इथे बांधायची आणि परतताना आपली आपण सोडून न्यायची. फौजेचे लोकही म्हणे पागोट्याची चिंधी बांधून जात. मी लगेच इतिहासकाराच्या मुद्रेने विचारलं की जे लढाईहून परतलेच नाहीत, त्यांच्या चिंध्यांचं काय?

"त्याईचे पोरं येत, नातू येत," ती म्हणाली. "कोनी ना कोनी सोडाले येतेच, भाऊ. तेवढ्यासाठी तं वाट हाये."

मग प्रत्येकाने काही ना काही फाडलं. माझी विजार मात्र फाटेना. दुकानदाराने ती कशानेही फाटणार नाही अशी हमी दिली होती आणि त्या एका बाबतीत तो प्रामाणिक निघाला. दातांनी ओढून झालं, दगडाच्या धारेवर घासून झालं. देवासमोर असा वाकून स्वतःचीच विजार चावणारा भक्त त्या मोहाने पूर्वी पाहिला नसावा. अखेर मंदाने माझ्या गळ्यातला जुना दुपट्टा ओढून घेतला, त्याचा लाल काठ टर्रकन फाडला आणि माझ्या हाती दिला. मी गाठ मारली. गाठीखाली आणखी एक जुनी गाठ हाताला लागली. कापड गळून गेलेलं, नुसती दोऱ्याची टणक गुठळी.

पहिल्या मुक्कामी, एका गावाच्या शाळेच्या पडवीत, तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी खाताना मंदाने मला खरी गोष्ट सांगितली. ती देवकाबाईजवळ चुलीशी बसून आली होती. ही पदयात्रा पहिलीच. गावाच्या वनसमितीत पुष्कळांचं म्हणणं होतं की बाईमाणूस शहरातल्या लोकांना काय वाट दाखवणार, अर्ध्यातून जीप बोलवावी लागेल आणि गावाचं नाव जाईल. देवकाबाईने हट्ट धरला. तेव्हा असं ठरलं की नऊच्या नऊ माणसं तिसऱ्या दिवशी दुपारच्या आत स्वतःच्या पायांनी अड्याळला पोचली, तर वाट चालू राहील आणि तिच्याकडेच राहील. एकासाठी जरी जीप आली, तर विषय संपला. एवढं सांगून मंदाने माझ्या पायांकडे पाहिलं. पडवीतल्या इतर सात जणांनीही पाहिलं असावं, कारण एकाएकी सगळे भाकरीची स्तुती करू लागले.

आता माझी एक खोड सांगायला हवी. मला दम लागला की मला गोष्ट आठवते. जिन्याच्या मधल्या पायरीवर, बाजाराच्या चढावर, कुठेही छाती भरून आली की मी थांबतो, हात हवेत उंचावतो आणि म्हणतो, "यावरून आठवलं." ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा रसिक माणूस. खरं कारण घरात सर्वांना ठाऊक आहे, आणि सर्व जण ते पाळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यापलीकडची टेकडी सुरू झाली आणि मला पहिल्या दोनशे पावलांत चार गोष्टी आठवल्या. एका धावड्याच्या झाडाला टेकून मी फौजेच्या छावणीचं वर्णन केलं, एका शिळेवर बसून हत्तींचं. मंडळी आधी ऐकत होती, मग नुसती थांबत होती, मग सूर्याकडे पाहू लागली. डाव्या टाचेला फोड आला होता. सवारबुवांची गोष्ट मी शेवटच्या आणीबाणीसाठी राखून ठेवली होती, आणि ती वेळ फार दूर नव्हती.

चढणीच्या मध्यावर मी सर्वांच्या मागे राहिलो. मंदाही पुढच्या वळणाआड गेली होती. आणि नेमक्या त्याच ठिकाणी, सात क्रमांकाच्या खिशातल्या मोबाइलला रेंज आली. जीपवाल्याचा नंबर पदयात्रेच्या कागदावर होता, मी तो घरूनच साठवून ठेवला होता. मी मोबाइल बाहेर काढला. बांबूतून वारा सळसळत होता, दूर एखादा सांबर ओरडावा तसा आवाज आला, आणि मला एकच गोष्ट दिसत होती, दुकानातली लाकडी खुर्ची. तिच्या बुडाशी ठेवलेली उशीसुद्धा दिसत होती.

मान वर केली तर देवकाबाई समोर उभी. तिने माझा हात पाहिला, हातातलं पाहिलं. रागावली नाही, गयावया केली नाही. शेजारी टेकली, चपलेतला खडा काढून फेकला आणि सांगू लागली की मोह वेचून परतताना बायकांच्या हारीत जी सर्वांत सावकाश चालते, जिचं टोपलं जड किंवा जिचे दिवस भरत आलेले, तिला सगळ्यांत समोर घालतात. मग तिच्या पावलानं सगळ्या चालतात. मागे घातली की ती एकटी पडते आणि मग बसते. "चूक माहीच झाली," ती म्हणाली. "तुमाले मागं ठेवलं. चला, समोर व्हा. अन् गोष्ट सांगाचीच असन तं चालता-चालता सांगा. बसून कायले सांगता?"

मी मोबाइल खिशात ठेवला. कुठल्या खिशात, ते नंतर दोन दिवस सापडलं नाही.

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा कशाच्या तरी अग्रभागी आलो. माझ्यामागे आठ माणसं आणि एक वाटाडी, सगळी माझ्या कासवगतीने पावलं टाकत होती, आणि नवल असं की कुणी कुरकुरलं नाही. त्या गतीने चालताना त्यांना कोळ्यांची दवाने लखलखणारी जाळी दिसू लागली, मातीत उमटलेले अस्वलाचे पंजे दिसू लागले. मी सवारबुवांची गोष्ट सुरू केली. पण चढणीवर चालत गोष्ट सांगणं हा निराळाच प्रकार आहे. बसलेल्या माणसाजवळ श्वास मुबलक असतो, त्याला विशेषणं परवडतात. मी "शुभ्र, तेजस्वी, वाऱ्याशी स्पर्धा करणारा" एवढं म्हणेपर्यंत छाती फुटायला आली, म्हणून दुसऱ्या वळणावर मी तलवार टाकून दिली. तिचं वर्णन लांबलचक होतं. पुढे दगडांची उभी चढण आली, तिथे शेला गेला, तुरा गेला. आणि माथ्याच्या जरा खाली, तोंडात धूळ आणि डोळ्यांत घाम असताना, घोडासुद्धा सुटला.

मागून मंदा म्हणाली, "अहो, घोडा कुठं गेला?"

"नव्हता," मी म्हणालो.

एवढ्या श्वासात तेवढंच मावत होतं. आणि ते खरं होतं. माझ्या वडिलांनी एकदाच, धानाच्या खळ्यावर काम करताना, मला सांगितलं होतं की आपला तो पूर्वज सवार नव्हता. त्याच्याकडे दोन बैल होते आणि त्यांच्या पाठीवर तांदळाच्या गोणी लादून तो फौजेच्या पार मागे चालायचा. मी ते ऐकलं होतं आणि वीस वर्षं व्यवस्थित विसरलो होतो. आता ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडू लागलं. बैल दोन. एकाचं शिंग मोडकं. नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण तांदूळ त्याच्याजवळ. म्हणून संध्याकाळी सगळे थांबत. घोडे, हत्ती, सरदार, सगळे. तो येईपर्यंत चूल पेटत नसे.

 मागे नऊ माणसांच्या पावलांचा एकच आवाज वाळक्या पानांवर होत होता. मग देवकाबाई हसली, मोकळं, आनंदाने, झाडावरचे हरियल भुर्रकन उडावेत इतकं मोठ्याने, आणि म्हणाली, "म्हंजे फौज तुमच्याच बुवाच्या पावलानं चालली ना, भाऊ."

माथ्यावर आलो तेव्हा खाली एक बोडी, लहानसं तळं, चमकत होती, आणि तिच्या निळ्या डोळ्यात बदकांची काळी बुबुळं हलत होती. मी थांबलो. मला कुठलीही गोष्ट आठवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत आम्ही अड्याळच्या शिवारात उतरलो. पुढे मी, लंगडत, मागे बाकीचे. बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर समितीचे अध्यक्ष दोघा-तिघांसह उभे होते. त्यांनी बोटाने आमची डोकी मोजली, पुन्हा एकदा मोजली, आणि माझ्यापाशी येऊन विचारलं की जीप कुठपर्यंत आली होती. मी अकरा खिसे चाचपून दाखवले आणि सांगितलं की फोनच हरवला आहे. अध्यक्षांनी देवकाबाईकडे पाहिलं.  मग म्हणाले, "पुढची कधी काढतं?"

"या लोकाइले विचारा," ती म्हणाली. "चिंध्या तं त्याईच्या तिकडंच रायल्या."

तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं. वाट पवनीहून अड्याळला येणारी, परतायची नाही. आणि मोह राहिला होता तिकडे, पवनीच्या बाजूला, पहिल्या दिवसाच्या वाटेवर. मंदा रस्त्यातच कंबरेवर हात ठेवून हसत सुटली. अध्यक्षही हसले. देवकाबाई मात्र अगदी गंभीर चेहऱ्याने लुगड्याचा काष्टा सारखा करत होती.

आता मी पुन्हा खुर्चीत आहे. टाच बरी झाली, फोन पाचव्या खिशात सापडला. एका बाजूने काठ फाटलेला दुपट्टा दुकानातल्या खुंटीवर असतो आणि गिऱ्हाईक हमखास विचारतं. मी सांगतो. बैलांपासूनच सुरू करतो, मोडक्या शिंगापासून. लोकांना आवडते, पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. कधी सांगता सांगता त्या मोहाची फांदी आठवते, माझ्या गाठीखालची ती टणक गुठळी बोटांना जाणवते, आणि वाटतं की कुणाचातरी नातू अजून यायचा राहिला असेल.

परवा आसगावचे एक जुने शेतकरी बियाणं न्यायला आले होते. त्यांना गोष्ट सांगून झाल्यावर आतून मंदा चहा घेऊन बाहेर आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली की आज त्या दोन बैलांपैकी एक पांढरा होता, आणि जरा जास्तच जोरात पळत होता.

मी पाहिलं, दाराशी उन्हाचा तुकडा पडला होता आणि रस्त्यावरून तणसाची बैलबंडी चालली होती. मंदाने खुंटीवरचा दुपट्टा काढला, झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकला. "चला," ती म्हणाली, "गाठ सोडाची रायली हाये."