मामांचा न सुटणारा आकडा

सोलापुरात त्या काळी सगळ्यात मजबूत काय होतं असं कुणी विचारलं, तर मी भुईकोट किल्ल्याचं नाव घेणार नाही, आमच्या मामांच्या लॉरीमागचा आकडा सांगेन. मामा स्टेशनावरून गिरणीत रुईचे गठ्ठे पोचवत. पुढं लॉरी, तिला आकड्यानं अडकवलेली मागची गाडी. एकदा उतारावर आकडा उघडला आणि मागची गाडी एकटीच न्हाव्याच्या दुकानात शिरली. जीव कुणाचा गेला नाही. एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली आणि मामांची झोप. "वढायला काय, कुनी बी वढतंय. धरून ठिवणारं पायजे की," हे ते तेव्हापासून येईल त्याला ऐकवू लागले.

दुसरा विषयच उरला नाही हो! जेवताना भाकरीचा तुकडा वाकवून आमटीत बुडवायचे आणि "हितं ताण येतोय बघ," म्हणून मामींना दाखवायचे. मामी म्हणायच्या, "मग तिथनंच खावा." लोहाराकडून नवा आकडा घडवून आणला की तो परसातल्या कशाला तरी अडकवून लॉरी सोडायची, ही परीक्षा. पहिल्या आकड्यानं धुण्याचा दगड उपटला, दुसऱ्यानं शेजाऱ्यांचं कुंपण, तिसऱ्यानं न्हाणीघराची भिंत. आत मामांचे साडू अंघोळ करत होते. त्यांच्या हातात पंचा देत मामा म्हणाले, "आकड्याला वरखडासुदिक न्हाय."

मामांच्या एकुलत्या एक लेकीला, कुसुमला, टेंभुर्णीचं स्थळ आलं, तेव्हा शिक्षण, पत्रिका काही न विचारता मामांनी मुलाचा हात धरून जोरात ओढला. मुलगा पाटासकट पुढं आला, पण हात सोडला नाही. लग्न ठरलं.

मुहूर्त सकाळी अकराचा. शहर दोन कोसांवर असताना वऱ्हाडाची सर्व्हिस मोटार बंद पडली. सायकलवरून निरोप आला तेव्हा मामा पितांबर नेसून पाटावर बसले होते. "मुहूर्त चुकला तर पोरीला लोकं काय म्हनतील?" म्हणाले आणि तसेच लॉरीत चढले. शेजारी मी. लॉरीला त्यांचा नवाकोरा आकडा होता. लॉरीच्या सांगाड्यालाच कायमचा ठोकून बसवलेल्या पहारीएवढ्या जाड दांड्याच्या टोकाला जबडा, आत स्प्रिंगचा खटका. कडी आत गेली की खटका आपोआप पडायचा. मोटारीच्या पुढच्या कडीवर तो खाडकन बसला आणि अकराला दहा कमी असताना अख्खं वऱ्हाड मांडवापुढं हजर. व्याह्यांनी आधी आकड्याला कुंकू लावलं, मग मामांना.

दुपारपर्यंत ड्रायव्हरनं मोटार दुरुस्त केली आणि म्हणाला, "आता सोडा की." मामा वाकले. तासभर वाकूनच राहिले. आकडा सुटू नये म्हणून त्यांनी तीन वर्षं डोकं घातलं होतं. सोडायचा कसा, हे त्या माणसाच्या मनातच आलं नव्हतं! हातोडा झाला, हळदीचं उरलेलं तेल ओतून झालं. वऱ्हाडानं मोटार मागं ओढली तर लॉरीही निमूट मागं आली. कुसुम मोटारीत बसून रडली, उतरून चहा प्याली, पुन्हा चढून रडली. कडी कापायला ड्रायव्हर तयार नव्हता, मालकाची मोटार. व्याह्यांना दिवस मावळायच्या आत सून घरात हवी होती.

शेवटी मीच म्हणालो, "मामा, आकडा कापावा लागेल."

"तीन वर्सं लागली रं," ते म्हणाले. मग त्यांनी मोटारीच्या खिडकीकडं पाहिलं आणि लोखंड कापायची करवत काढली. दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. दोन पाती मोडली. कुसुम शालू सावरत खाली उतरली आणि तापलेल्या पात्यावर तांब्यातलं पाणी सोडत त्यांच्याजवळ बसली.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "मला अडवायला तर नाही ना केलात हा?"

मामांचा हात थांबला. "न्हाय गं. तसं सुचलं असतं तर अजून जाड केला असता."

दांडा तुटला. जबडा कडीतच राहिला आणि कुसुमबरोबर टेंभुर्णीला गेला. मोटार वळणाआड गेली तरी मामा करवत हातात धरून रस्त्यातच उभे होते. मी त्यांना जन्मभर हसलो, पण त्या संध्याकाळी मला त्यांच्याजवळ जाऊन "चला मामा, घरी चला" एवढंसुद्धा म्हणवेना.