मेलेल्या बोक्याला घातलेले टाके

सुरुवातीलाच सांगतो – मी जनावरांचा डॉक्टर. म्हशीला बाधा झालीय म्हणून लोक बोलवायचे आणि मी तिच्या पोटातून खिळा काढून दाखवायचो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरीही हे लिहितोय, कारण डोळ्यांनी पाहिलेलं मी नाकारणार नाही.

ऐंशी सालच्या आसपास मी गुलबर्गा जिल्ह्यात, मादन हिप्परग्याच्या सरकारी दवाखान्यात होतो. दोन खोल्या, बाहेर बैल धरायचा खोडा, आणि मदतीला कंपाउंडर रशीदभाई. एका सकाळी गंगाबाई टोपलीत बोका घेऊन आल्या. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं.

"तिम्माला तीन दिवस लघवी न्हाई. नुसता बसायलाय अन् वरडायलाय."

पोट चाचपलं. मूत्राशय लिंबासारखं टणक. लघवीच्या वाटेत खडे अडकले होते. बारीक नळी घालून पाहिली, जाईना. उपाय एकच – पुढचा अरुंद भाग कापून काढायचा, मागची रुंद नळी उघडून कातडीला शिवायची. मी हे कॉलेजात एकदाच, तेही लांबून पाहिलेलं.

"बाई, मांजरासाठी हे कुणी करत नाही. टेबलावरच जाईल."

"न्हाई केलं तर?"

"उद्यापर्यंत जाईल."

"मग कामून थांबायलात?"

सुईने आधी लघवी ओढून घेतली. रशीदभाईंनी भुलीसाठी ईथरचा बोळा नाकाशी धरला. नळी उघडली, दोन टाके पडले... आणि ठोके थांबले. छाती दाबली, इंजेक्शन दिलं. काही नाही. बुबुळं पसरली, डोळ्याला बोट लावलं तरी पापणी हलेना. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा.

"गया साब," रशीदभाई म्हणाले आणि बोळा बाजूला ठेवला.

बाई दारातच उभ्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी बोक्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"किती टाके राहिलेत?"

"सहा-सात. पण आता –"

"घाला."

"बाई, मेलाय तो."

"कळलं मला. अर्धवट फाडलेलं मी घरी नेणार न्हाई. हाती घेतलंय ते पुरं करा."

मला राग आला. तरी बसलो. हळूहळू, नीट, एकेक टाका. मध्ये दोनदा स्टेथोस्कोप लावला – पूर्ण शांत. शेवटची गाठ मारली तेव्हा अकरा पस्तीस झाले होते.

दोरा कापत होतो आणि बरगडी उचलली गेली. एकदाच. बऱ्याच वेळाने पुन्हा. रशीदभाई मागे सरकत भिंतीला टेकले. मी स्टेथोस्कोपच्या नळ्या कानांत घातल्या... ठोका होता. बारीक, अडखळत, पण होता.

बाईंनी पदराने चेहरा पुसला. "टोपलीतच नेऊ का?" एवढंच विचारलं.

गावात कुजबुज सुरू झाली. परत आलंय ते मांजर न्हाई, वेशीबाहेर सोडून या – असं सांगायला काही जण बाईंच्या दारात गेले. त्या म्हणाल्या, "जे काय आलंय ते माझ्या हातचा दूधभात खायलंय. तुमाला काय अडचण हाय?" पुन्हा कुणी गेलं नाही. तिम्मा पुढे कित्येक वर्षं जगला. नव्या वाटेने व्यवस्थित लघवी करायचा, पालींच्या मागे धावायचा. वीस मिनिटं रक्त न मिळालेल्या मेंदूने हे कसं केलं?

पुढे दवाखान्याच्या तपासणीला आलेले वरिष्ठ साहेब हे ऐकून हसले. "ठोके मंद झाले असतील, तुम्हाला ऐकू आले नसतील. रिपोर्टात तसंच लिहा."

हजारो जनावरांच्या छातीला मी कान लावलाय. मंद म्हणजे काय आणि काहीच नाही म्हणजे काय, मला कळतं. मी लिहिलं – सव्वाअकराला हृदय बंद, अकरा पस्तीसला पहिला श्वास.

"हे मूर्खपणाचं दिसेल," साहेब म्हणाले.

"दिसू दे," म्हटलं.

ते कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. पण घडलंच नाही, असं माझ्याकडून कुणी लिहवून घेऊ शकलं नाही.