चांगल्या गुणांनी पास

बायको जाऊन आठ महिने झाले होते. एका दुपारी कॉलेजातली एक मुलगी पिंपरी पेंढारला आमच्या घरी आली. म्हातारपणी माणसं कशी जगतात, याची ती पाहणी करत होती. मी पडवीत कांदे निवडत होतो. सून आत भाकऱ्या थापत होती. मुलगा कंपनीत गेलेला.

प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण, असं तिनं सांगितलं.

"आजोबा, झोप लागते?"

"लागते."

"जेवण?"

"ताटात पडंल ते संपवतो."

"एकटे बाहेर जाता?"

"दिवसा जातो. सांजंला बिबट्यामुळं कुनीच जात न्हाई."

याचं काय करावं तिला कळेना. तिनं चार गुण दिले.

"गेल्या महिन्यात कधी रडू आलं?"

"न्हाई."

"उदास वाटलं?"

"न्हाई."

मी खोटं बोलत नव्हतो. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. विचारलं तेवढंच सांगायची सवय.

तिनं बेरीज केली. "आजोबा, गावात सगळ्यांत जास्त गुण तुम्हालाच पडलेत."

सून पिठाच्या हातांनी दारात आली. "ताई, आत्या, म्हंजी माज्या सासूबाई, गेल्यापासून मामा एकदाबी रडलं न्हाईत. माज्यावर चिडत न्हाईत. भाजीत मीठ नसलं तरी गुमान खात्यात. आदी लई बोलायचं. हे कुटं लिवता तुमी?"

"याला रकाना नाहीये," मुलगी म्हणाली. तिनं पाहणीचा कागद उलटा केला. मग तिनं आळेफाट्याच्या एका मनाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

सोमवारी सून मला घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, "बायकोशी शेवटचं काय बोलणं झालं?"

"गोळी घेतली का, म्हनलो. घेतली म्हनली."

सुनेनं पदर डोळ्यांना लावला. मला ते दिसलं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसावं तसं.

येताना बसमध्ये तिनं विचारलं, "मामा, परक्या मानसासमोर मी बोलले म्हनून राग आला का?"

"न्हाई," मी म्हणालो. राग आला नव्हता. बरंही वाटलं नव्हतं. ती खिडकीकडं तोंड करून बसली. तिच्याशी काहीतरी बोलावं, एवढं मात्र मला कळत होतं. काय बोलावं ते सुचेपर्यंत आमचा स्टॉप आला.

डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. ती नेईल, तर जाईन.