बाबांची अर्धी गोळी

कुत्र्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की हाक मारल्यासारखं होतं, आणि आता हाक मारून कोण येणार आहे?

इतवारीच्या बाजारात आमचं मिरची-धण्याचं ठोक दुकान आहे. त्या धुळीनं बाबांना दमा जडला, म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या घरात कायम. आणि आमच्या घरची रीत अशी, की एकाला लागू पडलेलं औषध सगळ्यांना चालतं. आईचे गुडघे, माझ्या शिंका, पाहुण्यांची खाज, सगळ्यांवर बाबांच्या डब्यातून काहीतरी निघायचं. मी शिकलेली, नोकरी करणारी. मी या रीतीला हसायचे आणि गोळी घ्यायचे.

कुत्र्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी हाताला लागल्या, तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि बाबांनी डबा उघडला. सुईनं गाठीतला नमुना घेऊन तपासू, चार दिवसांनी या, असं बाईंनी फोनवर सांगितलं होतं. त्या चार दिवसांत बाबांनी रोज तूप लावलेल्या पोळीत अर्धी गोळी दडवून त्याला भरवली. "खाय गा माह्या राजा, खाय." गाठी चक्क बसल्या. ऑफिसात कामं तुंबली होती. मी फोन करून वेळ रद्द केली.

"पाह्यलं?" बाबा म्हणाले. "काहून सुई टोचाची मुक्या जीवाले?"

गोळ्यांची पट्टी संपेपर्यंत बाबा देत राहिले, आणि त्यानंतर दीड महिन्यात गाठी परत आल्या. या वेळी अंगभर. खांद्यापुढे, मागच्या गुडघ्यांमागे, जिथे आमचा हात कधी गेलाही नव्हता तिथे बाईंची बोटं थांबत गेली. नमुना घेतला, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर.

बाईंनी कागदावर कुत्र्याचं चित्र काढलं आणि मला समजावून सांगितलं. एकाच गाठीत असेल तर पहिली पायरी. शरीराच्या पुढच्या किंवा मागच्या, एकाच भागातल्या गाठींत असेल तर दुसरी. सगळ्या अंगातल्या गाठी सुजल्या की तिसरी. यकृत, प्लीहा गाठली की चौथी. रक्तात किंवा हाडांच्या आतल्या मज्जेत उतरला की पाचवी. आमची चौथी होती. हा आजार बहुतेक पूर्ण जात नाही, त्या म्हणाल्या, पण केमोची इंजेक्शनं दिली तर बरेच कुत्रे काही महिने, कधी वर्षभरही, मजेत काढतात. माणसांइतके हाल होत नाहीत. ते नको असेल तर नुसतं स्टेरॉइड, त्यावर महिना-दोन महिने.

मग त्यांनी विचारलं, "याला आधी स्टेरॉइड दिलं होतं का?"

बाबा बाहेर कडुनिंबाखाली कुत्र्याला घेऊन बसले होते. मी हो म्हणाले. ती गोळी आधी एकटी दिली की आजार दबतो, पण त्या पेशी औषधाला सरावतात आणि पुढे केमो तितकी टिकत नाही, असं त्यांनी अगदी हळू सांगितलं. मला त्यांनी ओरडायला हवं होतं. बाहेर येऊन मी बाबांना एवढंच म्हणाले, "इंजेक्शनं सुरू करू."

पहिल्या दोन इंजेक्शनांनी गाठी विरघळल्या. तो पूर्वीसारखा जिन्यावरून उड्या मारत खाली यायला लागला. मी मूर्खासारखी खूश झाले. पाचव्या आठवड्यात जबड्याखाली पुन्हा लिंबं आली. औषध बदललं, तेही लागू पडेना. त्याने भाकरी सोडली, दूध सोडलं, मग माझ्याकडे बघणंही सोडलं. शेवटी बाई म्हणाल्या, आता इंजेक्शनं थांबवू, त्रास कमी व्हावा म्हणून फक्त गोळी द्या. चिठ्ठीवर बाबांचीच गोळी होती.

बाबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. "शेवटी माहीच गोळी ना? पयलेच आयकलं असतं माह्यं, तर हे दिवस आले नसते. तुमी त्याले सुया टोचून टोचून मारून राहिले."

आई मधे पडली, "असं नोका बोलू पोरीले." सोळा दिवसांनी तो गेला.

आता सुट्टीच्या दिवशी मी दुकानात मदतीला असते तेव्हा कोणी कुत्र्याची चौकशी केली की बाबा तेच सांगतात. गोळीनं बरा झाला होता, पोरीनं सुया टोचायला नेलं. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. मी धण्याची पोती मोजत राहते. खरं सांगितलं तर म्हातारा माणूस उभ्या जागी मोडून पडेल, हे मला कळतं. वेळ मी रद्द केली, हेही मला विसरता येत नाही. पण ते ऐकताना दर वेळी मला बाबांचा इतका राग येतो, की एक दिवस मी भर दुकानात त्यांना सगळं सांगून टाकीन, याची मला भीती वाटते.